गोठ्यातील शेणावर घरचा स्वयंपाक : सरकारी अनुदानातून गोबर गॅस बसवताना

आपल्या देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस परदेशातून येतो. त्यामुळे पर्यायी इंधनाला सरकारने पैसे देणे ही काही नवी गोष्ट नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची चर्चा आज घरोघरी होते, पण त्याच्या कितीतरी आधी, १९८१-८२ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला होता आणि नावे व नियम बदलत तो आजवर चालत आला आहे. देशात आतापर्यंत बांधलेल्या सुमारे ५० लाख घरगुती गोबर गॅस (बायोगॅस) संयंत्रांपैकी ९ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रातील आहेत. त्यांतील किती चालू आहेत, हे कोणत्याही गावात एक फेरी मारली तरी कळते : कुठे गोठ्याशेजारी घुमटावर गवत वाढलेले असते, तर कुठे निर्गम कक्षात, म्हणजे वापरलेले शेण बाहेर पडते त्या खड्ड्यात, पावसाचे पाणी साचलेले असते. बांधकामाला अनुदान मिळते, रोज शेण-पाण्याचा काला करायला मिळत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. म्हणून या लेखात अर्ज कसा करायचा हे सांगण्याआधी शेण कसे मोजायचे ते सांगतो.

आधी शेण मोजा

पहिले काम तालुक्याच्या गावी जाण्याचे नाही, गोठ्यात जाण्याचे आहे. सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ गोळा होणारे शेण पाटीत भरून ताणकाट्याला लावावे आणि वहीत लिहून ठेवावे. पाटीचे वजन आधीच वजा करून घ्यावे. बांधून पोसलेल्या गाईचे शेण दिवसाला १० किलोच्या आसपास आणि म्हशीचे १५ किलोपर्यंत भरते, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र जनावरे दिवसभर चरायला जात असतील तर निम्मे शेण माळावरच राहते. दुसरे म्हणजे, घरात शेणी थापल्या जात असतील किंवा शेजाऱ्याला सारवायला शेण दिले जात असेल, तर तेही वजा करावे लागते. सात दिवसांत सर्वांत कमी शेण भरलेल्या दिवसाचा आकडा धरावा, सरासरी धरू नये.

त्यानंतरचा हिशेब सोपा आहे. १ घनमीटर गॅससाठी रोज २५ किलो ताजे शेण लागते, म्हणजे २ घनमीटरला ५० किलो, ३ ला ७५ आणि ४ ला १०० किलो. चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहापाणी २ घनमीटरमध्ये भागते, कारण तेवढ्या गॅसवर मोठी शेगडी चार तासांच्या थोडी वर चालते. सिलिंडरच्या भाषेत बोलायचे तर १ घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. त्यामुळे २ घनमीटरचे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम सोळा-सतरा दिवसांत करते. हिवाळ्यात हा आकडा खाली येतो, हे आताच गृहीत धरावे.

इथेच बहुतेकांची चूक होते. मोठ्या संयंत्राला जास्त अनुदान आहे हे कळले की, गोठ्यात तीनच जनावरे असली तरी मोठ्या आकाराचा अर्ज भरला जातो. मोठ्या टाकीत थोडे शेण पडले की गॅस तर कमी होतोच, शिवाय दाब नसल्याने शेगडी नीट पेटत नाही आणि सहा महिन्यांत घरातील माणसे पुन्हा सिलिंडरकडे वळतात. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्यासारख्या सर्वसाधारण राज्यांत १ घनमीटरच्या संयंत्राला ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरच्या संयंत्राला १४,३५० रुपये केंद्रीय साहाय्य ठरले होते. नीट पाहिले तर २ घनमीटरला जे मिळते तेच ४ घनमीटरलाही मिळते. मधला सगळा वाढीव खर्च, विटा, सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी, आपल्या खिशातून जातो. म्हणून आकार शेणाच्या वहीवरून ठरवावा, अनुदानाच्या तक्त्यावरून नव्हे. दोन आकारांच्या मध्ये अडकला असाल तर लहान आकार घ्यावा.

कोणत्या पद्धतीचे संयंत्र

जुन्या लोकांना गोबर गॅस म्हटले की लोखंडी तरंगती टाकी आठवते. तिचा आद्य नमुना १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ या नावाने तयार केला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या पद्धतीचा देशभर प्रसार केला. टाकी वर आली की गॅस आहे आणि खाली बसली की संपला, हे लहान मुलालाही कळते आणि दाब कायम सारखा राहतो, हे तिचे गुण. लोखंड गंजते आणि दर वर्षी रंग द्यावा लागतो, हा दोष. आता त्याच पद्धतीत फायबरची टाकी मिळते. दुसरी पद्धत ‘दीनबंधू’. ती १९८४ मध्ये ‘ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ (अफप्रो) या संस्थेने विकसित केली. तिच्यात विटांचा संपूर्ण घुमट जमिनीखाली असतो, हलणारा भाग एकही नसतो आणि खर्च कमी येतो, पण बांधकामात केसाएवढी फट राहिली तरी गॅस निसटतो. तिसरी, तयार पिशवीची पद्धत, एका दिवसात बसते. मात्र उंदीर, काटेरी कुंपण आणि उन्हाची तिरीप यांपासून ती जपावी लागते.

तालुक्यात दीनबंधूचा अनुभव असलेला गवंडी असेल तर दीनबंधू घ्यावे आणि नसेल तर फायबरची टाकी घ्यावी, असे माझे मत आहे. घर बांधणारा उत्तम गवंडी घुमट बांधू शकेलच असे नाही. आमच्याकडच्या पहिल्या संयंत्राचे काम ज्याने केले, त्याचा हात भिंतीवर फार चांगला होता, पण घुमटाच्या गळ्याशी त्याने गिलावा एकाच थरात उरकला आणि पुढचे वर्षभर आम्ही गॅस कुठे जातो ते शोधत बसलो. गवंड्याला एकच प्रश्न विचारावा : तुम्ही बांधलेले आणि पाच वर्षे झालेले संयंत्र दाखवता का? आणि ते पाहायला जाताना आधी कळवू नये. शेगडी पेटवून पाहावी.

शहरातील किंवा जनावरे नसलेल्या घरांसाठी पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उरलेल्या अन्नावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. त्याची रीत मात्र वेगळी आहे आणि इथला शेणाचा हिशेब त्याला लागू होत नाही. तसेच ‘सतत’ ही २०१८ ची केंद्राची योजना वाहनांसाठी दाबाखाली भरलेला बायोगॅस तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी आहे आणि स्वच्छ भारत मिशनमधील ‘गोबरधन’ गावाच्या सामुदायिक प्रकल्पांसाठी आहे. कार्यालयात गेल्यावर या दोन योजनांशी आपल्या योजनेची गल्लत होते, म्हणून आपल्याला ‘घरगुती बायोगॅस संयंत्र’ हवे आहे असे पहिल्याच वाक्यात सांगावे.

जागा

गोठा आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, दिवसभर ऊन पडेल अशी जागा शोधावी. शेण वाहून न्यायचे अंतर आणि गॅसच्या पाइपाची लांबी यांत कुरघोडी झाली तर गोठ्याच्या बाजूला झुकावे, कारण पाइप एकदाच टाकायचा असतो आणि शेण रोज उचलायचे असते. तरीही पाइप फार लांबवू नये, दाब कमी होतो. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून किमान १५ मीटर अंतर ठेवावे. मोठ्या झाडाजवळ खड्डा घेऊ नये : आंबा, वड, पिंपळ यांची मुळे ओलाव्याच्या मागे येतात आणि पाच-सात वर्षांत विटांच्या सांध्यात शिरतात. कोकणात किंवा नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येते, तिथे खड्डा उथळ घेऊन भोवती भर घालावी लागते. हे खड्डा खणण्याआधीच गवंड्याशी बोलून घ्यावे.

अर्ज आणि मंजुरी

महाराष्ट्रात घरगुती संयंत्रांचे काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालते आणि आपला संबंध पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्याशी येतो. अर्जासोबत साधारणपणे आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, सातबारा किंवा आठ-अ उतारा, जागेचे छायाचित्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला लागतो. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे अर्जाच्या आधीच बँकेत जाऊन तपासावे. अनुदान थेट खात्यात येते आणि जोडणी नसेल तर ते महिनोन्‌महिने अडकून पडते.

कार्यालयात गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, चालू आर्थिक वर्षात तालुक्याचे लक्ष्यांक (वर्षभरात किती संयंत्रे बांधायची तो आकडा) शिल्लक आहेत का आणि आजचा दर काय आहे, कारण वर सांगितलेला कार्यक्रम २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी होता. दुसरी, जिल्हा परिषद आपल्या सेस फंडातून काही वाढीव रक्कम देते का. काही जिल्ह्यांत ती मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगेल असे नाही. तिसरी, संयंत्राला शौचालय जोडायचे असेल तर त्याचे वेगळे साहाय्य. केंद्राच्या सूचनांत ते १,६०० रुपये होते. शौचालय जोडायला घरातील वडीलधारी माणसे बहुधा नाराज असतात. पण मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून तयार झालेल्या गॅसवर दिवे लावले गेले होते, एवढे सांगितले की निदान चर्चा सुरू होते.

मंजुरीचे पत्र हाती येण्याआधी खड्डा खणू नये. बांधकाम आधी आणि मंजुरी नंतर असा क्रम झाला की पाहणीच्या वेळी अडचण येते. मंजूर झालेल्या पद्धतीचेच आणि मंजूर झालेल्या आकाराचेच काम करावे, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि साहित्याची बिले फाडून टाकू नयेत. अनुदान काम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर मिळते. तोवरचा पैसा आपला लागतो, म्हणून हातात रक्कम ठेवूनच कामाला हात घालावा. गवंड्याकडून किंवा पुरवठादाराकडून दुरुस्तीची हमी तोंडी न घेता कागदावर घ्यावी.

बांधकामाची परीक्षा

२ घनमीटरच्या दीनबंधूला हजारभर विटा लागतात. वीट पाण्यात भिजवून वापरली जाते आहे ना आणि रोज पाणी मारले जाते आहे ना, एवढे घरच्या माणसाने पाहिले तरी पुरते. घुमटाचा आतला गिलावा मात्र थरांत व्हावा आणि त्यावर रंगाचा लेप द्यावा, याबाबत तडजोड करू नये.

काम वाळल्यावर शेण टाकण्याची घाई न करता पाण्याने परीक्षा घ्यावी. घुमटावरचा मुख्य कॉक उघडा ठेवून घुमटाच्या पायथ्यापर्यंत पाणी भरावे आणि पातळीला खडूने खूण करावी. टाकीच्या भिंती आधी थोडे पाणी पितात, म्हणून पातळी भरून एक दिवस सोडावा आणि पुन्हा खूण करावी. त्यानंतर पातळी उतरली नाही तर खालची टाकी पक्की आहे. मग कॉक बंद करून आणखी पाणी ओतावे, म्हणजे घुमटातील हवा दाबली जाईल. कॉकला पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून जोडावी आणि तिच्यात चिमूटभर कुंकू टाकलेले पाणी भरावे. दोन्ही बाजूंच्या लाल पाण्यातील फरक म्हणजे आतला दाब. संध्याकाळी फरक मोजावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच वेळेला, पुन्हा मोजावा. सकाळच्या गारव्यात हवा आकसते आणि दाब उगाचच कमी दिसतो. बोटभर फरक चालतो. पण लाल पाणी दोन्ही बाजूंना सारखे झाले असेल तर कॉकच्या सांध्याला आणि घुमटाच्या गळ्याला साबणाचा फेस लावून पाहावे. जिथे बुडबुडा फुगतो तिथे गळती असते. गवंड्याची शेवटची रक्कम ही परीक्षा झाल्याशिवाय देऊ नये.

पहिला भरणा

२ घनमीटरच्या संयंत्राला पहिल्या भरण्यासाठी सुमारे चार हजार लिटर काला लागतो, म्हणजे जवळजवळ दोन टन शेण आणि तेवढेच पाणी. एवढे शेण एका दिवसात मिळत नाही, म्हणून बांधकाम चालू असतानाच ते सावलीत, ओल्या पोत्यांखाली साठवायला लागावे. वाळलेले शेण उपयोगाचे नाही. जवळपास चालू संयंत्र असेल तर तिथली मळी (गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारा काला) चार-पाच पिंप आणून विरजणासारखी टाकावी. त्याने पंधरवडा तरी वाचतो.

भरणा झाला की दोन ते चार आठवडे वाट पाहावी. या काळात घुमटात सुरुवातीला जमणारा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्यात हवाही मिसळलेली असते, म्हणून तो जळत नाही किंवा धोकादायक रीतीने जळतो. तो एक-दोनदा मोकळ्या हवेत सोडून द्यावा आणि त्या वेळी आसपास बिडी, चूल, कंदील काहीही नसावे. गॅस जळतो का, हे संयंत्रावर काडी लावून कधीही पाहू नये, फक्त शेगडीवर पाहावे. नीट जळू लागल्यावरच रोजचा काला सुरू करावा.

शेगडी गोबर गॅसचीच घ्यावी आणि तिच्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. एलपीजीच्या शेगडीची गॅस सोडणारी छिद्रे बारीक असतात आणि त्यांच्यातून हा कमी दाबाचा गॅस पुरेसा येत नाही. ज्योत निळी, स्थिर आणि हलका सूं असा आवाज करणारी असावी. पिवळी झाली तर हवेचे भोक थोडे उघडावे आणि ज्योत बर्नर सोडून वर उडू लागली तर ते लहान करावे. पाइपाला संयंत्राकडे उतार द्यावा आणि जिथे तो देता येत नाही तिथे सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी काढायचा कॉक बसवावा. गॅसबरोबर वाफ येते, ती पाइपात थंड होऊन पाणी साचते आणि मग शेगडी भकभक करू लागते. गॅस संपला म्हणून येणाऱ्या तक्रारींतील निम्म्या तरी या साचलेल्या पाण्याच्या असतात.

रोजचा काला

शेण आणि पाणी समप्रमाणात घ्यावे. काला घावनाच्या पिठाइतका असावा : मुठीत घेतला तर बोटांमधून ओघळला पाहिजे, पण पाण्यासारखा पळता कामा नये. गव्हाणीतील वैरणीच्या काड्या, चिपाडे आणि खडे हाताने वेचून काढावेत. काड्या वर तरंगून त्यांची साय धरते आणि गॅस वर येत नाही, तर वाळू-माती तळाला बसून टाकीची जागा खाते. गोठा धुतलेले फिनेलचे पाणी, साबणाचे पाणी आणि औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे शेण टाकीत जाऊ देऊ नये, कारण गॅस तयार करणारे जिवाणू त्याने मरतात. काला करताना हात घालावा लागतो आणि हे काम घरोघरी बाईच्याच वाट्याला येते. मिश्रण टाकीला फिरवायचा दांडा बसवून घेतला तर हजार-दोन हजारांत तिचा रोजचा त्रास वाचतो आणि संयंत्र चालू राहण्याची शक्यताही वाढते.

जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंडीत काला सकाळी न घालता दुपारी घालावा, पाणी उन्हात तापलेले वापरावे आणि घुमटावरच्या मातीवर कडब्याचा थर पसरावा. पावसाळ्यात अंगणाचे पाणी मिश्रण टाकीत आणि निर्गम कक्षात शिरणार नाही असा बांध घालावा. रात्री झोपताना मुख्य कॉक बंद करायची सवय सगळ्यांनाच लागली पाहिजे.

बाहेर पडणारी मळी हे अर्धे उत्पन्न आहे, पण तिला आपल्याकडे फुकटची समजून नाल्यात सोडले जाते. तिच्यातील नत्र कच्च्या उकिरड्यापेक्षा जास्त टिकते आणि तणाच्या बियाही बऱ्याच अंशी मेलेल्या असतात. ती पाटाच्या पाण्याबरोबर पिकाला देता येते किंवा खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून कंपोस्ट करता येते.

टाकी साफ करायची वेळ आली तर

काही वर्षांनी तळाला गाळ साचतो आणि गॅस घटतो. हे काम घरच्या घरी, विशेषतः एकट्याने, करू नये. आतल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो काही श्वासांत माणसाला खाली पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत इथे चालवली तर सरळ स्फोट होतो. माहीतगार माणूस आणि त्याची साधने मिळेपर्यंत काम थांबवावे. काला बंद करून गॅस पूर्ण जाळून टाकावा, कॉक आणि झाकणे काढून टाकी कित्येक दिवस उघडी ठेवावी, मळी बाहेरूनच बादल्यांनी किंवा पंपाने उपसावी आणि पंख्याने आत हवा सोडत राहावे. त्यानंतरही जो उतरेल त्याच्या छातीला दोर बांधलेला असावा आणि तो दोर धरून दोन माणसे वर उभी असावीत. त्यांनी काहीही झाले तरी खाली उडी न घेता दोर ओढायचा आहे, हे त्यांना आधीच बजावून ठेवावे.